गोऱ्या साहेबाचा माग कसा काढायचा: एकोणिसाव्या शतकातल्या ब्रिटिश फौजी अधिकाऱ्याचं घराणं आणि नोकरी

मला हा नाद लागला तो एका फुटक्या संगमरवरी फरशीमुळे. नगरकडच्या एका मित्राच्या परसात ती उलटी टाकलेली होती, वर्षानुवर्षं तिच्यावर कपडे आपटले गेले, आणि एकदा नळाचं काम निघालं म्हणून सरळ केली तर खाली इंग्रजी अक्षरं, एक नाव, कॅप्टन, पलटणीचा आकडा आणि वय. वय बत्तीस. बस्स. हा कोण, कुठला, इथे येऊन का मेला, मागे कोण होतं का, हे शोधता शोधता माझी तीन वर्षं गेली आणि मधे निदान सहा महिने मी भलत्याच माणसाच्या मागे होतो. त्याचं नाव इथे देत नाही कारण त्याच्या भावाकडचे वंशज सापडलेत आणि त्यांना अजून विचारलेलं नाही. पण रस्ता सांगतो, कारण त्या रस्त्यावर मराठीत लिहिलेलं मला तरी काही मिळालं नव्हतं.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. साहेबाला लढाईच्या कागदांत शोधायला जाऊ नका, पैशाच्या कागदांत शोधा. लढाईच्या अहवालात नुसतं आडनाव येतं, तेही मेला किंवा जखमी झाला तर. पण जिथे जिथे पैसा हातचा सुटला, म्हणजे हुद्दा विकत घेतला, अर्धा पगार लागला, बायकोला पेन्शन हवी झाली, मृत्युपत्र उघडलं, तिथे कोणीतरी विचारलं की तू कोण, कोणाचा, लग्न कधी झालं, पुरावा दाखव. तो पुरावा आजही फायलीत पडलाय.

पहिली पायरी: पगार कोणाचा होता ते ठरवा

हे चुकलं की पुढचं सगळं चुकतं. एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या साठ वर्षांत हिंदुस्थानात गोऱ्यांच्या दोन वेगळ्या फौजा होत्या. एक राजाची (नंतर राणीची) फौज, जी इंग्लंडहून येऊन काही वर्षं राहून परत किंवा दुसऱ्या वसाहतीत जायची. दुसरी ईस्ट इंडिया कंपनीची, आणि तिच्यातही बंगाल, मद्रास, मुंबई अशा तीन. दोन्हीतले अधिकारी गोरेच, लाल कोट तोच, कबरस्तानही तेच, पण कागद पूर्ण वेगळे. राजाच्या फौजेचे लंडनजवळ क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये आणि कंपनीच्या फौजेचे ब्रिटिश लायब्ररीत, इंडिया ऑफिस रेकॉर्ड्स नावाच्या विभागात. मी सहा महिने क्यूची सूची चाळत बसलो होतो आणि आमचा कॅप्टन कंपनीचा निघाला. डोक्याला हात.

दगडावरची छोटी अक्षरं म्हणून महत्त्वाची. पलटणीच्या आकड्याआधी एच. एम. असेल तर राजाची फौज. एन. आय. म्हणजे नेटिव्ह इन्फंट्री, म्हणजे कंपनी. एच. ई. आय. सी. हे तर सरळ कंपनीचंच नाव. झाशीचं उदाहरण घ्या, एप्रिल १८५८ मध्ये सर ह्यू रोजच्या सैन्यानं तटावर हल्ला केला तेव्हा शिड्या लावणाऱ्यांत ८६वी पलटण होती ती राणीची, आणि ३री बॉम्बे युरोपियन होती ती कंपनीची, दोन्ही गोऱ्याच. एकाच तटावर चढलेल्या या दोन पलटणींच्या अधिकाऱ्यांचे कागद आज दोन वेगळ्या इमारतींत आहेत. आपल्याला कोशामुळे माहीत असलेले मोल्सवर्थ आणि कँडी हे दोघेही कंपनीच्या मुंबई फौजेतले, त्यामुळे त्यांना क्यूला शोधून उपयोग नाही.

१८५८ मध्ये कंपनीचं राज्य गेलं आणि मग गुंता वाढतो. कंपनीच्या गोऱ्या पलटणी राणीच्या फौजेत घेतल्या गेल्या आणि त्यांना नवे आकडे मिळाले, १ली बॉम्बे युरोपियन झाली १०३वी, वर सांगितलेली ३री झाली १०९वी. देशी पलटणींच्या अधिकाऱ्यांसाठी १८६१ मध्ये स्टाफ कोअर काढली. इथे एक खड्डा आहे, बॉम्बे स्टाफ कोअर असं वाचून लोकांना वाटतं हा माणूस मुख्यालयात टेबलाशी बसणारा होता, तसं नाही, साध्या पलटणीतला अधिकारीही कागदावर स्टाफ कोअरचाच.

सरावाला एक माणूस घ्या

आपल्या अनोळखी कॅप्टनवर थेट हात घालण्याआधी ज्याचं सगळं माहीत आहे अशा एकाला धरून रस्ता चालून बघा, म्हणजे कुठला कागद काय देतो ते कळतं. मी राणीच्या फौजेसाठी गॉनव्हिल ब्रॉमहेड घेतो. २४वी पलटण, १८७९ च्या जानेवारीत दक्षिण आफ्रिकेत रोर्क्स ड्रिफ्टच्या ठाण्याचा झुलूंपासून बचाव झाला त्यातला लेफ्टनंट, व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे शौर्याचं सगळ्यात मोठं पदक, मिळालेला. जन्म १८४५ चा, आणि कुठे, तर फ्रान्समध्ये व्हर्सायला. मृत्यू १८९१ मध्ये अलाहाबादला टायफॉइडनं. म्हणजे इंग्रज माणूस, पण जन्म इंग्लंडच्या नोंदवहीत नाही आणि मरणही नाही. फौजी घराण्यांचं हे नेहमीचंच, आणि म्हणूनच हा सरावाला चांगला.

दुसरी पायरी: आर्मी लिस्ट, वर्षागणिक

वहीत एक तक्ता आखा, डावीकडे वर्ष, मग हुद्दा, पलटण, शेरा. आता आर्मी लिस्ट काढा. ही सरकारी छापील यादी १७५४ पासून दरवर्षी निघायची, १७९८ पासून दर महिन्याची वेगळी. शेवटी नावांची सूची असते, तिथून पान धरायचं. स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयानं या याद्यांचे ढीगभर खंड स्कॅन करून फुकट ठेवलेत, घरबसल्या बघता येतात.

पण सरकारी यादीपेक्षा मला हार्टची यादी जास्त आवडते. हेन्री हार्ट हा स्वतः ४९व्या पलटणीतला अधिकारी, त्यानं १८३९ मध्ये स्वतःच यादी काढायला सुरुवात केली आणि ती १९१५ पर्यंत चालली. तिच्यात तळटीपांत कोण कुठल्या मोहिमेत होता, कधी जखमी झाला ते दिलंय. नावाआधी डब्ल्यू म्हणजे वॉटर्लूचं पदक, तारखेशी छोटा पी म्हणजे तो हुद्दा पैसे देऊन घेतला. अशा एकेका अक्षरासाठी खंडाच्या सुरुवातीचं खुलाशाचं पान आधी वाचा, मी वाचलं नव्हतं आणि पी म्हणजे प्रमोशन समजून बसलो होतो.

तक्ता भरताना एखाद्या वर्षी नाव गायब झालं तर लगेच मेला असं लिहू नका. मागच्या बाजूला हाफ पेची यादी वेगळी असते, तिथे बघा. हाफ पे म्हणजे फौजेला सध्या तुझी गरज नाही, अर्धा पगार घे आणि घरी बस, बोलावलं तर ये. नेपोलियनच्या लढाया संपल्यावर असे लोक हजारांनी होते आणि कित्येक जण तीस तीस वर्षं हाफ पेवरच राहिले, शेतीवाडी करत, मुलं वाढवत. हुद्दा विकून बाहेर पडलेला मात्र यादीतून कायमचा जातो, कारण त्यानं हक्कच विकलेला असतो.

पलटणीचं नाव बदललं की माग सुटतो, हेही ध्यानात असू द्या. १८८१ मध्ये आकडे जाऊन परगण्यांची नावं आली, दोन दोन पलटणी एकत्र केल्या. ब्रॉमहेडची २४वी त्या वर्षी साउथ वेल्स बॉर्डरर्स झाली. माणूस तिथेच, पाटी बदलली.

तिसरी पायरी: गॅझेट, आणि हुद्द्यांचा बाजार

लंडन गॅझेट हे सरकारी राजपत्र १६६५ पासून चालू आहे आणि आज ऑनलाइन फुकट शोधता येतं. प्रत्येक नेमणूक आणि बढती तिथे छापली जायची. नमुना असा (एन्साइन म्हणजे पायदळातला सगळ्यात खालचा अधिकारी): अमुक एन्साइन हा लेफ्टनंट, पैसे भरून, तमुकच्या जागी, जो निवृत्त होतोय. या ओळीतला प्रत्येक शब्द कामाचा. कोणाच्या जागी हे तर सोडूच नका (इंग्रजीत व्हाइस असा शब्द येतो, त्याचा वाइटाशी संबंध नाही), कारण तो आधीचा मेला असेल तर बढती बहुधा फुकट मिळायची आणि विकून गेला असेल तर पैसे मोजावे लागायचे. सर्च करताना आडनाव आणि पलटण दोन्ही टाका, आणि तरी नाही सापडलं तर तारखेवरून पानं स्वतः चाळा, स्कॅनिंगमध्ये अक्षरं फार फाटतात.

हा बाजार काय होता ते थोडं सांगतो कारण घराण्याची ऐपत इथेच कळते. घोडदळ आणि पायदळात हुद्दे विकत मिळायचे, अगदी सरकारी दरपत्रकानं. १८२१ च्या दरानं साध्या पायदळात एन्साइन ४५० पौंड, लेफ्टनंट ७००, कॅप्टन १८००, मेजर ३२००, लेफ्टनंट कर्नल ४५००. वर चढताना आधीचा हुद्दा विकून फरक भरायचा, म्हणजे लेफ्टनंटचा कॅप्टन होताना ११०० पौंड. शिवाय दराच्या वर गुपचूप द्यायचे ते वेगळेच. ही पद्धत १८७१ च्या १ नोव्हेंबरला बंद झाली. तोफखाना आणि इंजिनियर यात मात्र पैसा चालत नव्हता, तिथे वूलिचच्या अकादमीत शिकून यायचं आणि ज्येष्ठतेनं वर जायचं. म्हणून तोफखान्यातला पन्नाशीचा कॅप्टन दिसला तर तो नालायक समजू नका, पुढची जागाच रिकामी झाली नसेल.

या बाजारामुळे माणूस पलटणीही भराभर बदलायचा. असईच्या लढाईमुळे आपल्याला माहीत असलेला आर्थर वेलस्ली बघा, १७८७ मध्ये ७३व्या पलटणीत एन्साइन, मग ७६वी, ४१वी, १२वी ड्रॅगून (म्हणजे घोडदळ), ५८वी, १८वी ड्रॅगून, आणि १७९३ मध्ये ३३वीत मेजर आणि त्याच वर्षी लेफ्टनंट कर्नल. सहा वर्षांत सात पलटणी, वय चोवीस. आता कोणी या सगळ्या पलटणींचा इतिहास वाचून तो कुठे कुठे लढला ते लिहायला बसला तर फजिती होईल, कारण यातल्या बऱ्याचशा बदल्या फक्त हुद्द्याच्या शिडीसाठी होत्या. आणखी गंमत म्हणजे तेव्हा त्याचं आडनाव वेस्ली असं लिहायचे, घराण्यानं वेलस्ली हे रूप १७९८ च्या सुमारास धरलं. नावाची स्पेलिंगं तीन चार तऱ्हांनी शोधा हे मी उगाच सांगत नाही.

आता खरी खाण. ही खरेदी विक्री ज्या फायलींतून झाली त्या क्यूला डब्ल्यूओ ३१ या मालिकेत आहेत (डब्ल्यूओ म्हणजे वॉर ऑफिस, लंडनचं लष्कर खातं), १७९३ ते १८७०. बांधलेल्या आहेत नेमणुकीच्या तारखेनं, म्हणून गॅझेटची तारीख आधी लागते, तिच्याशिवाय हात घालू नका. पहिल्या नेमणुकीच्या फायलीत बापाचं किंवा मामाचं पत्र सापडू शकतं, माझा मुलगा अमुक वयाचा आहे, मी स्वतः अमुक पलटणीत होतो, दोन मुलं आधीच राजाच्या सेवेत आहेत वगैरे. एका पत्रात तीन पिढ्या. प्रत्येक फाइल अशी भरलेली नसते, कधी नुसता एक अर्ज असतो, पण बघायचं सोडू नका. ब्रॉमहेड १८६७ मध्ये पैसे भरून एन्साइन झाला, म्हणजे बाजार बंद व्हायच्या चार वर्षं आधी.

ब्रेव्हेट नावाचा प्रकारही इथेच समजून घ्या. ब्रेव्हेट मेजर म्हणजे फौजेत मान मेजरचा, पण पलटणीत काम कॅप्टनचंच. ब्रॉमहेडला रोर्क्स ड्रिफ्टनंतर कॅप्टन आणि ब्रेव्हेट मेजर दोन्ही एकदम मिळालं, व्हिक्टोरिया क्रॉसची घोषणा २ मे १८७९ च्या गॅझेटमध्ये. कबरीवर मेजर आणि यादीत कॅप्टन असा झगडा दिसला तर बऱ्याचदा उत्तर ब्रेव्हेटच असतं.

चौथी पायरी: सेवेचे तक्ते

वॉर ऑफिसला मधेच जाग यायची आणि ते सगळ्या अधिकाऱ्यांकडून माहिती भरून मागवायचे. हे तक्ते डब्ल्यूओ २५ मध्ये आहेत. १८०९-१० चे, त्यात नुसती नोकरी. १८२८ चे, निवृत्त आणि हाफ पेवाल्यांचे. १८२९ चे, नोकरीत असलेल्यांचे. १८४७ चे परत निवृत्तांचे, आणि १८७०-७२ चे. यात सोनं कुठलं म्हणाल तर १८२८ आणि १८२९, कारण तेव्हा पहिल्या नेमणुकीच्या वेळचं वय, लग्नाची तारीख आणि मुलांचे जन्म हेही विचारलं होतं, आणि माणसानं स्वतःच्या हातानं भरलंय. एका अधिकाऱ्याचा तक्ता मी पाहिला त्यात मुलांच्या रकान्यात सहा नावं आणि त्यातल्या चार नावांसमोर बारीक अक्षरात मेल्याची खूण. लढाईच्या रकान्यात त्यानं एक ओळ लिहिली होती.

याशिवाय पलटणींनी स्वतः ठेवलेल्या वह्या आहेत, त्या डब्ल्यूओ ७६. सगळ्या टिकल्या नाहीत, पण टिकल्या असतील तर जन्मस्थळासकट सगळं मिळतं. महिन्याच्या हजेरी आणि पगाराच्या वह्या डब्ल्यूओ १२ मध्ये, त्यावरून पलटण कुठल्या महिन्यात कुठल्या गावी होती हे कळतं, ते मुलांचे बाप्तिस्मे शोधायला उपयोगी. ब्रिटिश फौजेतल्या साध्या शिपायांचे डिस्चार्जचे, म्हणजे नोकरीतून सुटल्याचे कागद डब्ल्यूओ ९७ मध्ये असतात, नवखे लोक अधिकाऱ्याला तिथे शोधतात आणि नाही मिळाला म्हणून सोडून देतात. तो तिथे नसतोच.

पाचवी पायरी: घर

सगळ्यात आधी विधवेचा कागद. अधिकारी मेला की बायकोला पेन्शनसाठी लग्नाचा दाखला, मुलांच्या बाप्तिस्म्याचे दाखले, नवऱ्याच्या मरणाचा दाखला असं गाठोडं पाठवावं लागायचं. ती मूळ प्रमाणपत्रं डब्ल्यूओ ४२ मध्ये आहेत, आणि आडनावानं लावलेली आहेत. एखादं लग्न जिब्राल्टरला, एक मूल कॅनडात, दुसरं आयर्लंडात, असल्या घराण्याला एका जागी पकडायला याच्यासारखं काही नाही. पण हुद्दा विकून गेलेल्याची बायको इथे शोधू नका.

मग नेहमीचे कागद. इंग्लंड वेल्समध्ये जन्म, लग्न, मृत्यूची सरकारी नोंद १ जुलै १८३७ पासून, स्कॉटलंडमध्ये १८५५ पासून, आयर्लंडमध्ये पूर्णपणे १८६४ पासून. त्याआधी चर्चच्या वह्या. पलटणींबरोबर परदेशात झालेल्या नोंदींची वेगळी सूची आहे, तीही बघाच. कामाची नावनिशीवार शिरगणती १८४१ पासून दर दहा वर्षांनी, पण अधिकारी स्वतः परदेशात असतो म्हणून तो सापडत नाही, त्याची आई, बहिणी, आणि शिकायला विलायतेत ठेवलेली मुलं सापडतात. १८४१ ला मोठ्यांची वयं पाचाच्या पटीत खाली ओढून लिहिलीत, म्हणून त्यावरून जन्मसाल काढू नका, १८५१ ची घ्या, तिच्यात जन्मगावही असतं. मुलांचं जन्मगाव ईस्ट इंडीज दिसलं की समजा हिंदुस्थानच्या वह्या उघडायची वेळ आली. म्हातारपणी हे लोक चेल्टनहॅम, बाथ असल्या गावांत जाऊन राहायचे, तिथली शिरगणती आणि वर्तमानपत्रं वाया जात नाहीत.

आयर्लंडचं दुखणं वेगळं. राजाच्या फौजेत आयरिश जमीनदारांची मुलं भरपूर होती, आणि १९२२ मध्ये डब्लिनच्या यादवीत तिथला दफ्तरखाना जळून गेला, जुनी शिरगणती, मृत्युपत्रं सगळं. तिथे मग जमिनीच्या नोंदी आणि लंडनमध्ये उघडलेली मृत्युपत्रं यावरच भागवावं लागतं.

मृत्युपत्रांचं सोपं आहे. ११ जानेवारी १८५८ नंतरची एका सरकारी सूचीत वर्षवार मिळतात, तिथे मेल्याची तारीख, जागा, कोणी पैसे घेतले, किती, सगळं. त्याआधीच्या पैसेवाल्यांची बहुतेक कँटरबरीच्या आर्चबिशपच्या कोर्टात, ती क्यूला प्रॉब ११ मध्ये. अविवाहित अधिकाऱ्याचं मृत्युपत्र तर जरूर वाचा, त्यात बहिणी, भाचे, मित्र, घोडा सांभाळणारा सगळे येतात.

घराणं बडं असेल तर बर्कच्या वंशावळीत, म्हणजे बड्या घराण्यांच्या छापील ग्रंथांत बघा. ब्रॉमहेडचा बाप बॅरोनेट (वंशपरंपरेनं सर) होता, लिंकनशरमधल्या थर्ल्बी हॉलचा, म्हणून दहा मिनिटांत सगळं घर समोर येतं, सख्खा भाऊ चार्ल्स त्याच २४व्या पलटणीत होता हेही. पण या वंशावळी घराण्यांनी स्वतःच पाठवलेल्या माहितीवर छापल्यात, त्यामुळे जुन्या पिढ्यांबद्दल त्यात फुशारकी असते, आपल्याकडच्या बखरींसारखीच. मधलं नाव हा आणखी एक धागा, ते पुष्कळदा आईचं किंवा आजीचं माहेरचं आडनाव असतं.

माझी सगळ्यात मोठी चूक इथलीच. ऑनलाइन एका पैसे घेणाऱ्या साइटवर कोणीतरी तयार करून ठेवलेलं वंशाचं झाड मिळालं, नाव तेच, हुद्दा तोच, मी आनंदानं उतरवून घेतलं. पुढे कळलं की बाप आणि मुलगा एकाच नावाचे, एकाच पलटणीत, आणि त्या झाडात दोघांची एकच व्यक्ती केलेली, म्हणजे बापाच्या लढाया आणि मुलाची बायको. तक्त्यात हुद्द्यांच्या तारखा लिहिल्या असत्या तर पहिल्याच दिवशी दिसलं असतं की कोणी माणूस कॅप्टनचा परत एन्साइन होत नाही. नाव फार साधं असलं तरी हीच पंचाईत. अजिंठ्याच्या दहाव्या लेण्यात खांबावर नाव कोरून गेलेला मद्रासच्या फौजेतला जॉन स्मिथ घ्या, तारीख २८ एप्रिल १८१९, आणि पलटण सगळीकडे २८वी कॅव्हलरी छापतात. पण मद्रासच्या फौजेत तेव्हा देशी घोडदळाचे रिसाले होते आठच! म्हणजे आधी खांबावरचा आकडा डोळ्यांनी नीट वाचायला हवा, मगच याद्या, आणि याद्यांत जॉन स्मिथ किती असतील ते तुम्हीच समजा.

सहावी पायरी: माणूस कंपनीचा निघाला तर

कंपनीत हुद्दे विकत मिळत नव्हते, ज्येष्ठतेनं चढायचं, फार तर खालच्यांनी वर्गणी काढून वरच्याला लवकर घरी जायला राजी करायचं. पण आत शिरायला कंपनीच्या एखाद्या डायरेक्टरची, म्हणजे संचालकाची शिफारस लागायची. म्हणून सुरुवात कॅडेट पेपर्सनी, म्हणजे अधिकारी म्हणून भरती होणाऱ्या पोरांच्या अर्जांनी, इंडिया ऑफिसच्या एल मिल ९ मालिकेत, १७८९ पासून. त्यात बाप्तिस्म्याच्या दाखल्याची नक्कल असते, म्हणजे आईबापाची नावं आणि गाव पहिल्याच कागदात, शिवाय कुठल्या डायरेक्टरनं आणि कोणाच्या सांगण्यावरून घेतला. राजाच्या फौजेत जे मिळवायला दोन वर्षं जातात ते इथे एका पानावर. आमच्या फरशीवरच्या कॅप्टनचा बाप स्कॉटलंडमधला पाद्री निघाला तो इथेच.

नोकरीसाठी बंगालच्या अधिकाऱ्यांवर हॉडसनचे चार खंड आहेत, १८३४ पर्यंतचे, घराण्याच्या माहितीसकट. मुंबई आणि मद्रासवाल्यांना तसं कोणी भेटलं नाही, त्यांना डॉडवेल आणि माइल्सची १८३८ ची यादी आणि सेवेच्या हस्तलिखित वह्या. हिंदुस्थानातले बाप्तिस्मे, लग्नं, दफनं यांच्या नकला दरवर्षी लंडनला जायच्या, त्या इंडिया ऑफिसच्या एन मालिकेत, एन १ बंगाल, एन २ मद्रास, एन ३ मुंबई. पुणे, नगर, खडकीचं सगळं एन ३ मध्ये शोधायचं. ब्रॉमहेड राणीचा असला तरी मेला अलाहाबादला, म्हणून त्याच्या दफनासाठी एन १, एवढं लक्षात आलं की या दोन दफ्तरांची सांगड समजली.

इथे पैसे न घालता बरंच होतं. फिबिस नावाची संस्था आहे, १९९८ पासूनची, ब्रिटिश हिंदुस्थानातल्या घराण्यांवर काम करणारी, तिची सूची फुकट शोधता येते. कबरींसाठी बॅक्सा ही संस्था, १९७६ पासून, दक्षिण आशियातल्या युरोपियन कबरस्तानांच्या नोंदी तिच्याकडे जमा आहेत. ब्रिटिश लायब्ररीवर २०२३ च्या ऑक्टोबरात सायबर हल्ला झाला होता, तेव्हापासून बऱ्याच ऑनलाइन सोयी विस्कटल्या, त्यामुळे जायच्या आधी काय चालू आहे ते बघून घ्या. आपल्याकडे मुंबईत एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतलं राज्य पुराभिलेखागार आहे, तिथे लष्करी खात्याच्या फायली मिळतात, पण घराण्यापेक्षा त्याच्या भत्त्याची, रजेची, भांडणाची माहिती जास्त.

मृत्युपत्रं आणि मालमत्तेच्या याद्या कंपनीच्या हिशेबखात्यात. साहेब मेला की सामानाचा लिलाव व्हायचा आणि त्याची यादी व्हायची. आमच्या कॅप्टनच्या यादीत दोन घोडे, एक तंबू, बुटांचे जोड, पुस्तकं आणि एक बासरी होती.

आणि आता जे पैशाच्या कागदांत येत नाही त्याबद्दल. मेजर रॉबर्ट गिल, मद्रासच्या फौजेतला, १८४४ पासून अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करत राहिलेला. त्याची विलायती बायको, तिची मुलं, त्याची बढती, सगळं वर सांगितलेल्या रस्त्यानं मिळतं. त्याच्याबरोबर राहिलेली इथली बाई पारो मिळत नाही. ती मिळते अजिंठ्याच्या तिच्या कबरीवर, २३ मे १८५६ ही तारीख आणि माझी लाडकी पारो अशा अर्थाचे इंग्रजी शब्द, गिलनंच लिहवलेले. अशा बायांना पेन्शन नव्हती म्हणून त्यांचा दाखला कोणी मागितला नाही. त्यांचा माग काढायचा तर बाप्तिस्म्याच्या वह्या बघाव्या लागतात, जिथे बापाचं नाव पूर्ण आणि आईच्या जागी नुसतं पहिलं नाव किंवा देशी बाई एवढंच असतं, आणि मृत्युपत्रात अमुक बाईला महिना इतके रुपये अशी एखादी ओळ. ती ओळ दिसली की थांबा, घाईत वाचणारे नोकराचा पगार समजून पुढे जातात.

पदकांचं थोडक्यात

पदकांच्या याद्या डब्ल्यूओ १०० मध्ये. आपल्या कामाचं पदक म्हणजे आर्मी ऑफ इंडिया, त्याच्या पट्ट्यांवर असई, अडगाव, गाविलगड, खडकी, पुणे, सीताबर्डी, कोरेगाव ही नावं आहेत. पण ते मंजूर झालं १८५१ मध्ये, १८०३ पासूनच्या लढायांसाठी, आणि तोवर जिवंत असलेल्यांनाच. तेव्हा पदक नाही म्हणजे लढाईत नव्हता असं होत नाही, बहुतेक वेळा तोवर मेला होता.

इथे बसून क्यूचा कागद कसा मिळवायचा

सूची ऑनलाइन आहे, डब्ल्यूओपासून शेवटच्या आकड्यापर्यंतचा पूर्ण क्रमांक टिपून ठेवा. पैसे भरून नक्कल मागवता येते, पण जाड बांधलेल्या खंडासाठी ते महाग पडतं, कारण पान नेमकं कुठलं ते आपल्याला माहीत नसतं. लंडनला कोणाचा भाचा, पुतण्या शिकायला असेल तर त्याला गाठा. वाचकाचं कार्ड फुकट होतं, ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा लागतो, आत पेन चालत नाही, पेन्सिल न्यायची, मोबाइलनं फोटो काढायला पैसे पडत नाहीत. त्याला काम अगदी नेमकं द्या, हा खंड, ही तारीख, हे आडनाव, दोन्ही बाजूंची पानंही काढ, आणि खंडाच्या पाठीवरच्या क्रमांकाचा फोटो पहिला. माझ्या भाच्यानं पहिल्या खेपेला सत्तर फोटो पाठवले, एकावरही क्रमांक नाही, त्यातले निम्मे कुठले ते आजतागायत लागलेले नाहीत.

पलटणीच्या संग्रहालयांना शेवटी लिहा, आधी नाही. २४व्या पलटणीचं वेल्समध्ये ब्रेकनला आहे, तसं बऱ्याच पलटणींचं कुठे ना कुठे असतं. तिथे माणसं थोडी असतात, त्यांना माझ्या कॅप्टनबद्दल काही सांगा असं लिहिलं तर छापील उत्तर येतं, पण तुमचा भरलेला तक्ता जोडून फक्त १८३० ते १८३४ मधली जागा रिकामी आहे असं विचारलं की कोणीतरी कपाट उघडतं. मला तसं एक रेखाचित्र मिळालं, एका अधिकाऱ्यानं मेसच्या वहीत काढलेलं, टेबलाभोवती पाच जण, आणि कोपऱ्यातला बासरी वाजवतोय.